कार्पेट-सोफा क्लीनिंगचं नवं काम : दर कसे लावायचे?

ओवी_नाशिक

नमस्कार मंडळी,

बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिला धागा काढतेय. दोन दिवसांत पत्रकं छापायला द्यायची आहेत आणि मनासारखी बेरीज काही जमत नाहीये.

माझा मावसभाऊ मुंबईत एका हॉटेलात आठ वर्षं हाउसकीपिंगला होता. कार्पेट, सोफे, गाद्या, पडदे, सगळ्याला त्याचा हात बसलेला आहे. मावशी एकटी पडली म्हणून तो नाशिकला परत आला. आता आम्ही दोघं मिळून घरी जाऊन कार्पेट आणि सोफे धुऊन द्यायचं काम सुरू करतोय. काम तो बघेल, फोन-बुकिंग-हिशेब माझ्याकडे. मदतीला एक मुलगा पगारावर घेतलाय.

शाम्पूचं पाणी मारून लगेच ओढून घेणारी मशीन ६८ हजारांना घेतली. सोफ्यासाठी हातातला स्क्रबर ९ हजार, वाळवायला दोन ब्लोअर १५ हजार, पाइप, ब्रश, फडकी, लांब वायरचा विजेचा बोर्ड वगैरे ८ हजार. बरोबर एक लाख झाले. शिवाय जुनी मारुती ईको व्हॅन हप्त्यावर घेतली.

दरांसाठी मी गिऱ्हाईक म्हणून गावातल्या सात जणांना फोन केले. पाच सीटर सोफ्याला कोणी ५०० म्हणतं, कोणी १५००. कार्पेटला चौरस फुटाला ८ पासून २५ पर्यंत. आपण नवीन, आपल्याला कोण ओळखतं, म्हणून मी सगळ्यांत खालच्या अंगाने धरलंय: सोफा ६००, कार्पेट ८ रुपये फूट. महिन्याला ७५ कामं झाली तर बरं सुटेल असं वाटतंय. अनुभवी मंडळींनी जरा नजर टाकावी, ही विनंती.

कोथरूडकर

ओवीताई, आधी पत्रकं थांबवा. मी नऊ वर्षं पुण्यात हेच काम करतोय आणि सुरुवात अगदी तुमच्यासारखीच केली होती, ८ रुपये फूट.

पहिल्या महिन्यातलं एक काम सांगतो. खराडीहून फोन आला, पाच बाय आठचं कार्पेट. चाळीस फूट, म्हणजे ३२० रुपये. कोथरूडहून निघालो, नगर रोडला अडकलो, पोचायला सव्वा तास. लिफ्ट बंद. मशीन, पाण्याच्या बादल्या, ब्लोअर असं सगळं चौथ्या मजल्यावर वाहिलं. कार्पेटवर कुत्र्याचे केस होते, नुसतं व्हॅक्यूम करायलाच पाऊण तास गेला. धुऊन, पाणी ओढून, सामान आवरून परत दुकानात आलो तेव्हा साडेचार तास झाले होते. ३२० रुपयांत दोन माणसं, पेट्रोल, शाम्पू. त्या दिवशी दुसरं काम झालंच नाही.

गिऱ्हाइकाने काहीही फसवलं नव्हतं. मी सांगितलेला दर त्याने दिला. चूक दरात होती, कारण माझा खर्च फुटावर चालतच नव्हता, तो फेरीवर चालत होता. दाराशी पोचेपर्यंतच निम्मा खर्च होऊन जातो, मग कार्पेट चाळीस फुटाचं असो की ऐंशी.

त्यामुळे पहिलं काम करा ते म्हणजे किमान बिल ठरवा. त्याखाली गाडी बाहेर काढायची नाही. आमचं आज १५०० आहे. छोटं कार्पेट असेल तर सांगतो, 'एवढ्याच पैशांत जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या पण करून देतो'. लोक आनंदाने हो म्हणतात.

डोंगरवाट

मला थोडं वेगळं वाटतं. नवा माणूस महाग लावून बसला तर फोनच येणार नाहीत. आधी स्वस्तात करून नाव मिळवावं, मग हळूहळू दर वाढवावेत. माझ्या ओळखीत एकाने पाण्याच्या टाक्या साफ करायचं काम असंच वाढवलं.

लेखापाल_सातारा

डोंगरवाट, तुमचा मुद्दा आकड्यांत घालून बघूया. ओवीताईंनी दिलेली माहिती आहे, बाकीचं मी अंदाजाने धरतो, त्यांनी दुरुस्त करावं.

महिन्याचा न चुकणारा खर्च: गाडीचा हप्ता ६५००, विमा-देखभाल २०००, फोन आणि जाहिरात ३०००. एक लाखाचं सामान तीन वर्षांत झिजणार, म्हणजे महिना साधारण २८००. मोटर जळणं, पाइप फाटणं यासाठी बाजूला १७००. मदतनीस १४ हजार, भाऊ २० हजार, ओवीताई १५ हजार. एकूण ६५ हजार. काम मिळो न मिळो, हे लागणारच.

शिवाय प्रत्येक कामामागे शाम्पू, सीएनजी, फडकी धुणं मिळून २०० धरा.

आता ७५ कामं. ६५ हजार भागिले ७५ म्हणजे ८६७, अधिक २००, म्हणजे १०६७. ६०० रुपयांच्या सोफ्याने डायरी गच्च भरली तरी प्रत्येक कामात साडेचारशेच्या वर खिशातून जातात. कामं वाढवली की तोटा भरून निघेल असं अनेकांना वाटतं. इथे तसं होत नाही, कारण एवढ्या लोकांत आणि एका गाडीत दिवसाला तीन कामं हीच कमाल आहे. त्यापुढे दुसरी गाडी, दुसरी मशीन, दुसरी माणसं.

आणि पहिल्या वर्षी ७५ होतही नाहीत. ४५ धरा. मग ६५ हजार भागिले ४५ म्हणजे १४४४, अधिक २००, जवळजवळ १६५०. यात नफा शून्य. पंधरा टक्के वर ठेवले की १९००.

हा आकडा पाहून घाबरू नका. हे पाच सीटर सोफ्याचे १९०० नव्हेत, एका घरातून सरासरी उठायला हवं ते बिल आहे.

ओवी_नाशिक

लेखापालदादा, मी कालपासून हे चार वेळा वाचलं. गाडीचा हप्ता ७१०० आहे, बाकी तुमचा अंदाज जवळजवळ बरोबर आहे.

खरं सांगते, माझे १५ हजार मी धरलेच नव्हते. भावाचेही 'उरतील ते' असेच होते. मुलाचा पगार, हप्ता आणि शाम्पू एवढंच लिहिलं होतं वहीत. घरची माणसं आहेत, त्यांचं काय धरायचं, असं मनात होतं. पण सकाळी आठपासून फोन मीच उचलणार आहे ना. उद्या मला दुसरी नोकरी लागली तर हे काम करायला माणूस ठेवावाच लागेल, आणि तो फुकट येणार नाही.

लेखापाल_सातारा

अगदी हेच. घरच्या माणसाचा पगार दरात नसेल तर तो धंदा घरच्या माणसाच्या जिवावर स्वस्त विकला जातोय. सुरुवातीला तुम्ही पैसे उचलू नका हवं तर, पण वहीत लिहा.

अबोली

मी या धंद्यातली नाही, गिऱ्हाईक म्हणून लिहिते. ठाण्यात राहते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये सासूबाईंचं आजारपण संपलं तेव्हा सोफा धुवायचा होता. ७०० वाला बोलावला. तो आला, बादलीभर फेस केला, ब्रशने घासला आणि ओल्या फडक्याने पुसून गेला. बाहेर पाऊस, आत पंखा. सोफा चार दिवस ओला होता आणि पाचव्या दिवशी कुबट वास यायला लागला. नुकतंच आजारपण सरलेल्या घरात तो वास म्हणजे काय ते सांगता येत नाही. शेवटी आतला फोम बदलावा लागला.

पुढच्या वर्षी दुसरे आले, १४०० घेतले. त्यांनी आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, ओलं पांढरं फडकं दाबून धरलं आणि रंग उतरतोय का ते मला दाखवलं. मोबाइलवर सगळ्या डागांचे फोटो काढले. 'हा पेनचा डाग फिका होईल, जाईलच असं नाही' हे काम सुरू करायच्या आधी सांगितलं. नंतर मशीनच्या टाकीतलं काळं पाणी दाखवलं. जाताना म्हणाले, 'सहा-सात तास बसू नका, पंखा चालू ठेवा'. रात्री सोफा कोरडा होता.

मला त्या १४०० चं अजिबात वाईट वाटलं नाही. फोनवर मात्र १४०० ऐकून मी आधी नाहीच म्हणणार होते. 'आम्ही पाणी ओढून घेतो, सोफा त्याच दिवशी वाळतो' एवढं एक वाक्य त्यांनी बोलून दाखवलं आणि मी थांबले. ओवी, फोन तू घेणार आहेस तर हे वाक्य तुझ्या तोंडात हवं.

ओवी_नाशिक

अबोलीताई, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. खूप आभार.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत घरंच भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेटची, त्यामुळे हा धंदा गल्लोगल्ली आहे. गरम पाण्याची मशीन व्हॅनमध्येच बसवलेली असते, लांबच लांब पाइप घरात आणतात. दर बहुतेक खोलीवर सांगतात, फुटावर नाही, कारण घरमालकाला आपल्या घरात किती फूट कार्पेट आहे हे ठाऊक नसतं, खोल्या मात्र ठाऊक असतात. खोलीला कमाल आकार ठरलेला, त्याहून मोठी खोली दोन खोल्यांच्या हिशेबाने.

एक गोष्ट इथे बघून वाईट वाटतं. टपालात 'तीन खोल्या अमुक डॉलर' अशी फार स्वस्त कुपनं येतात. माणूस घरी आला की डागाचे वेगळे, जिन्याचे वेगळे, कुत्र्याच्या वासाचे वेगळे, डाग पुन्हा बसू नये म्हणून फवारा मारायचे वेगळे. तिप्पट बिल होतं. आमच्याकडे असंच झालं. माझ्या आईने त्या माणसाला पाणी दिलं, चहा दिला, आणि तो मात्र दर पाच मिनिटांनी नवा आकडा सांगत होता. पैसे दिले, पुन्हा कधी बोलावलं नाही.

खाली दर सांगून दारात वाढवण्यापेक्षा फोनवरच पूर्ण आकडा सांगा. व्हॉट्सअॅपवर सोफ्याचा आणि कार्पेटचा फोटो मागवा म्हणजे आकडा चुकत नाही.

कोथरूडकर

फोटोचं शंभर टक्के खरं. 'पाच सीटर' हा शब्द फार फसवा आहे. एल आकाराच्या सोफ्याचा लांब भाग दोन सीटचा धरायचा की तीनचा, यावर मी दारात उभं राहून वाद घातले आहेत. आता फोटो आल्याशिवाय आकडाच सांगत नाही. रिक्लायनरची एक सीट दीड सीटच्या दराने, कारण त्याच्या खाचाखोचांत वेळ जातो.

डोंगरवाट यांच्या मुद्द्यावर. स्वस्तात नाव होतं, पण नाव 'स्वस्तवाला' असं होतं. माझी ८ रुपयांच्या काळातली गिऱ्हाइकं दर वाढवल्यावर जवळजवळ सगळी गेली, आणि त्यांनी ज्यांना माझं नाव सांगितलं होतं ते '८ रुपयेच ना?' म्हणून फोन करायचे. दीड वर्ष लागलं त्यातून बाहेर यायला. ओळख व्हायला हवी असेल तर चार-पाच नातेवाइकांचे सोफे फुकट धुवा, आधीचे-नंतरचे फोटो काढा, ते लोकांना दाखवा. फुकट काम हे फुकट म्हणूनच लक्षात राहतं, तो तुमचा दर होत नाही.

डोंगरवाट

हे पटलं. टाक्यांच्या कामात माणसांशिवाय फारसा खर्च नव्हता, ही तुलना मी उगाच केली. फुकट नमुना आणि पूर्ण दर, हे चांगलं आहे.

हातमागप्रेमी

मी सतरंज्या, गालिचे यांच्या विक्रीत बरीच वर्षं काढली, त्यामुळे दराच्या दुसऱ्या अंगाबद्दल लिहितो: कापड काय आहे ते ओळखल्याशिवाय आकडा सांगू नका.

घरात सरसकट 'कार्पेट' म्हणतात ते चार-पाच वेगळ्या जातींचं असतं. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, ऑफिसात आणि स्वस्त गालिच्यात येतं ते, बिनधास्त धुता येतं. लोकरीचं, म्हणजे भदोही-मिर्झापूरकडचं हाताने गाठी मारलेलं, त्याला तिखट अल्कलीचा शाम्पू चालत नाही. शाळेत शिकलेला सामू (पीएच) आठवा, लोकरीला तो साताच्या आसपास किंवा थोडा खाली हवा. पाणी कोमट, गरम नाही. आणि लोकर पाणी भरपूर पिते, वाळायला वेळ घेते. म्हणजे त्याच चाळीस फुटाला दुप्पट वेळ. दर तोच कसा चालेल?

सगळ्यांत धोक्याचा प्रकार म्हणजे व्हिस्कोज. चकाकतं, मऊ लागतं, दुकानदार 'आर्ट सिल्क' किंवा नुसतं 'सिल्क' म्हणून विकतो. पाणी लागलं की त्याचे केस चिकटून कडक होतात आणि पिवळी झाक येते. माझ्या समोर एका घरात हे झालेलं आहे. धुणारा मुलगा प्रामाणिक होता, मालकीणबाईही चांगल्या होत्या. त्यांनी ते रेशमाच्या भावाने घेतलं होतं, त्यामुळे ते रेशीमच आहे यावर त्यांचा विश्वास. मुलाला १८ हजार भरून द्यावे लागले. ज्या कामाचे ९०० मिळणार होते त्यात.

ओळखायची सोपी खूण: कडेचा सुटलेला एक धागा मालकांना विचारून घ्या आणि बाहेर नेऊन पेटवा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. व्हिस्कोज कागदासारखं जळतं, वासही कागदाचा. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हा एक मिनिटाचा उद्योग आहे.

व्हिस्कोज आणि खरं रेशीम तुम्ही पहिली दोन वर्षं घेऊच नका, असं माझं मत. लोकरीला वेगळा दर. भदोहीकडे गालिचे जमिनीवर अंथरून, पाणी सोडून, लाकडी फळ्यांनी रेटून रेटून धुतात. ते काम बघितलं की कळतं, बैठकीच्या खोलीत उभं राहून तसं धुणं शक्य नाही. ज्याची किंमत लाखात आहे असा गालिचा त्या कामातल्या माणसाकडेच पाठवा.

ओवी_नाशिक

हातमागप्रेमीकाका, भावाला हे वाचून दाखवलं. हॉटेलात सगळं नायलॉनच होतं म्हणाला, व्हिस्कोज त्याने कधी हाताळलेलं नाही. म्हणजे हा प्रश्न आम्हाला थेट घरी जाऊनच पडला असता. पहिल्याच महिन्यात १८ हजार गेले असते तर आम्ही उठलोच नसतो.

आणखी एक विचारते. अंबड एमआयडीसीतल्या एका ऑफिसने ४००० चौरस फूट कार्पेटचा भाव मागितलाय. ३ रुपये फुटाने करा म्हणतात, १२ हजार एकरकमी. भावाला वाटतंय घेऊन टाकावं.

कोथरूडकर

थांबा, हे मी केलंय.

तुमच्या मशीनबरोबर आलेला कागद बघा. या आकाराच्या मशीनला तासाला २० ते २५ चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट, तेव्हा तासाला २१५ ते २७० चौरस फूट. ४००० फुटाला नुसती मशीन चालवायची पंधरा ते साडेअठरा तास. ऑफिस रात्री दहानंतरच मिळतं. दहा लिटरची टाकी दहा मिनिटांत संपते, घाण पाणी बाथरूमपर्यंत वाहायचं, खुर्च्या हलवायच्या, टेबलाखालच्या वायरी सांभाळायच्या, परत लावायच्या. तीन रात्री जातात. आणि तीन रात्री जागलेली माणसं दिवसा कामाला येत नाहीत, म्हणजे ते दिवसही गेले.

मी असंच एक काम ३ रुपयांनी घेतलं होतं. तिसऱ्या रात्री माझा कामावरचा मुलगा पायऱ्यांवर बसून झोपला होता, हातात पाइप तसाच. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. पैसे चार महिन्यांनी आले.

ऑफिसचं काम वाईट नाही, पण त्याला वेगळं साहित्य लागतं: मोठी सिंगल डिस्क मशीन, खाली पॅड लावून, कमी पाण्यात. ती असेल तर वेग कितीतरी वाढतो आणि मग फुटाला कमी दर परवडतो. तुमच्या मशीनवर ७ रुपयांखाली बघू नका. नाही जमलं तर ताठ मानेने नको म्हणा. किंवा त्यांना सांगा, फक्त रिसेप्शन आणि मीटिंग रूम आम्ही करतो, ६०० फूट, एका रविवारी.

लेखापाल_सातारा

ऑफिसच्या उधारीबद्दल दोन ओळी. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे; लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आहे, मुदतीत दिले नाहीत तर त्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. नुसता तो छापल्याने मुकाट पैसे येतात असं मी पाहिलंय. एखाद्या ऑफिसने बिलातून १ टक्का टीडीएस कापला तर घाबरू नका, विवरणपत्र भरल्यावर तो हिशेबात येतो.

जीएसटी: सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. ४५ कामं, १९०० सरासरी, म्हणजे वर्षाला साधारण सव्वादहा लाख. तुम्ही खूप खाली आहात. उगाच आधी नोंदणी केलीत तर १८ टक्के लावावे लागतील आणि १९०० चं बिल २२४२ होईल. घरगुती गिऱ्हाइकाला त्याची वजावट मिळत नाही. आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही, तो गुन्हा आहे.

अबोली

मध्येच एक शंका. हळदीच्या डागाचं काय? आमच्याकडे तेच जास्त असतात.

कोथरूडकर

बरं झालं विचारलंत, ओवीताईंना हे दारात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. हळदीवर अल्कलीचा शाम्पू पडला की डाग लालभडक होतो. हळदीत चुना घातला की लाल कुंकू होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं, हे तेच. माझ्या पहिल्या वर्षी क्रीम रंगाच्या सोफ्यावर आमटीचा डाग होता, फवारा मारला आणि क्षणात लाल. त्या वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मी घाबरून अजून शाम्पू मारला, अजून लाल. नंतर सौम्य आम्लाच्या रिन्सने परत पिवळा झाला, पण गेला नाही. हळद उन्हाने उडते. उशीचं कव्हर असेल तर काढून दोन दिवस उन्हात टाका सांगतो. सोफ्याचीच सीट असेल तर खिडकीकडे तोंड करून ठेवायला सांगतो.

डाग काढायचे पैसे वेगळे लावू नका. डाग जाईल याची खात्रीही देऊ नका. दर हा धुण्याचा आहे.

ओवी_नाशिक

मंडळी, काल रात्री आम्ही दोघं आणि मावशी बसलो आणि सगळं परत लिहिलं. बघा कसं वाटतंय.

दर फुटावरून न काढता दिवसावरून काढला. महिन्याला पंचवीस कामाचे दिवस. न चुकणारा खर्च दिवसाला २६००, दोन कामांचं साहित्य धरून ३०००. नफा धरून दिवसाला ३४०० आले पाहिजेत. हा आकडा भावाने ईकोच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलाय.

किमान बिल १२००, गंगापूर रोड, कॉलेज रोड, पंचवटी, इंदिरानगर, पाथर्डी फाटा एवढ्या भागात. नाशिकरोडकडे १५००, कारण जाऊन-येऊन तास-सव्वा तास जातो. सोफा सीटला २४०, म्हणजे पाच सीटर १२००. नायलॉन वगैरेचं कार्पेट १८ रुपये फूट, लोकरीचं ३५ आणि तेही भावाने बघितल्यावरच. व्हिस्कोज, रेशीम नाही. डबल बेडची गादी ८००. सोफा आणि गादी एकत्र घेतली तर १९००, म्हणजे लेखापालदादांचा आकडा एका घरात निघतो. एकाच इमारतीत त्याच दिवशी दुसरं घर मिळालं तर दोघांनाही १०० कमी, कारण आमची फेरी वाचते. सूट या दोनच. नुसतं 'थोडं कमी करा' म्हणाले तर पैसे कमी नाही, काम कमी: पाचऐवजी तीन सीट आणि दोन खुर्च्या.

जुलै-ऑगस्टला कामं कमी होतील असं धरलंय, आणि दिवाळीआधीचे तीन आठवडे त्याची भरपाई. तेव्हा दर तेच ठेवू, पण बुकिंगला ३०० आगाऊ.

ऑफिसला ७ सांगितले, नाही म्हणाले. रिसेप्शनचं विचारून कळवतो म्हणाले.

लेखापाल_सातारा

लोकरीचे ३५ थोडे कमी वाटतात, पण पहिली चार कामं वेळ लावून करा, किती तास गेले ते लिहा, मग बदला. बाकी हिशेब चोख आहे. दर सहा महिन्यांनी ही बेरीज पुन्हा मांडा, सीएनजी आणि पगार जागेवर थांबत नाहीत.

हातमागप्रेमी

दरपत्रकावर 'रेशीम व व्हिस्कोज स्वीकारत नाही' हे स्पष्ट छापा. त्याने कामं कमी होत नाहीत, लोकांना वाटतं यांना कळतं. आणि फोटो काढल्यावर मालकांची सही घ्या, वहीच्या अर्ध्या पानावर चालेल: आधीचे डाग, आधीचे फाटलेले भाग.

ओवी_नाशिक

सहीची वही आजच आणते, काका.

परवा एक फोन आला, पंचवटीतून. आकडा ऐकून बाई म्हणाल्या, दुसरा ६०० म्हणतोय. माझा आवाज थोडा कापत होता, पण अबोलीताईंचं वाक्य बोलले: आम्ही पाणी ओढून घेतो, त्याच दिवशी वाळतो, आणि कापड आधी तपासून दाखवतो. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. संध्याकाळी परत फोन: आमचा सोफा, वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या दोन गाद्या आणि समोरच्यांचं सहा बाय नऊचं कार्पेट, जमेल का एका दिवशी?

१२०० अधिक १६०० अधिक ९७२, म्हणजे किमान बिलाने १२००. तिघांना शंभर-शंभर कमी करून ३७००. शनिवार ठरलाय. ब्लोअर मात्र दोनच आहेत आणि तीन घरांत एकदम वाळवायचंय. नाशिकमध्ये एक-दोन दिवस भाड्याने कुठे मिळतात कोणाला माहीत आहे का? मंडपवाल्यांकडचे मोठे पंखे चालतील का?

कोथरूडकर

मंडपवाल्यांचे उभे पंखे चालतात, कार्पेटला तर छानच. ते खुर्च्यांवर आडवं टाका, खालून हवा जाऊ द्या. ब्लोअर गाद्यांना ठेवा, त्या आतून ओल्या राहतात. आणि आधी गाद्या धुवा, सोफा शेवटी, म्हणजे निघायच्या वेळेपर्यंत गाद्यांना चार तास वारा मिळेल.